आपला प्रीफिक्स दुसऱ्याने जाहीर केला, हे आपल्याला कधी कळणार?

प्रश्न थोडक्यात असा: छोटी आयएसपी, म्हणजे इंटरनेट पुरवणारी कंपनी; भारतात इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या आयआरआयएनएनकडून मिळालेला एक /२२ प्रीफिक्स, म्हणजे १०२४ पत्त्यांचा सलग ब्लॉक (तिरप्या रेघेनंतरचा आकडा ही त्याची लांबी; ती जितकी जास्त, तितका ब्लॉक लहान); दोन अपस्ट्रीम, म्हणजे आपल्याला बाकीच्या इंटरनेटशी जोडणारी मोठी नेटवर्क; मुंबईत एका एक्स्चेंजवर पीअरिंग, म्हणजे इतर नेटवर्कांशी थेट देवाणघेवाण. कोणी आपले पत्ते स्वतःच्या एएसमधून (एएस म्हणजे स्वतःचा क्रमांक असलेले नेटवर्क) जाहीर केले, म्हणजे ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत’ असे इतर नेटवर्कांना सांगितले, तर ग्राहकांचे फोन सुरू होण्याआधी ते कळावे यासाठी काय लावायचे? बजेट जवळपास शून्य.

बजेटची अडचण नाही. लागणारी सगळी साधने फुकट आहेत. लोक अडकतात ते दोन ठिकाणी: योग्य काय हे कुठेच लिहून ठेवलेले नसते, आणि इशारा आल्यावर पहिला फोन कोणाला करायचा हे ठरलेले नसते. सॉफ्टवेअर बसवणे हे एका दुपारचे काम आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करतो. स्वतःच्या राउटरवर लक्ष ठेवून हायजॅक, म्हणजे आपले पत्ते असे पळवले जाणे, दिसेलच असे नाही. समजा तुमचा एएस ६४४९६ आणि प्रीफिक्स १९८.१८.०.०/२२ (दोन्ही राखीव आकडे, प्रत्यक्षात कोणाचेच नाहीत). कोणी हाच /२२ दुसरीकडून जाहीर केला, तरी तुमचा अपस्ट्रीम ग्राहकाचा म्हणजे तुमचाच रूट (पत्त्यांकडे जायचा जाहीर झालेला रस्ता) पसंत करतो आणि परका रूट तुमच्यापर्यंत पाठवतच नाही. हल्लेखोराने पाथच्या, म्हणजे रूटमधल्या एएस नंबरांच्या साखळीच्या, शेवटी तुमचाच एएस नंबर चिकटवला असेल, तर तो रूट तुमच्या राउटरपर्यंत पोचला तरी लूप समजून फेकला जातो. तुमच्या नॉकमधून (नेटवर्कच्या देखरेख कक्षातून) सगळे हिरवे दिसत असते आणि तिकडे सिंगापूरहून येणारा ट्रॅफिक भलतीकडे वळलेला असतो. त्यामुळे नजर बाहेरून हवी, आणि एका नव्हे, शेकडो नेटवर्कांच्या जागेवरून.

ही नजर दोन सार्वजनिक प्रकल्प देतात: युरोपात इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या राइप एनसीसीचे आरआयएस आणि ओरेगॉन विद्यापीठाचे राउटव्ह्यूज. जगभरच्या नेटवर्कांनी आपले बीजीपी अपडेट (बीजीपी म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना रूट सांगण्याची पद्धत) त्यांच्या कलेक्टरकडे पाठवलेले असतात. आरआयएसच्या अपडेट फाइल दर पाच मिनिटांनी निघतात, राउटव्ह्यूजच्या दर पंधरा मिनिटांनी. संशोधनाला हे पुरते, पहाऱ्याला नाही. पहाऱ्यासाठी आरआयएस लाइव्ह वापरा. त्यात तोच डेटा वेबसॉकेटवरून (सतत चालू राहणाऱ्या जोडणीवरून) काही सेकंदांत मिळतो, आणि फक्त आपल्या प्रीफिक्सपुरता मागता येतो.

आधी कागद

एक तक्ता करा. मिळालेला प्रत्येक ब्लॉक, त्यातून प्रत्यक्ष कोणत्या लांबीचे प्रीफिक्स जाहीर होतात, कोणत्या एएसमधून, कोणत्या अपस्ट्रीमकडे, आणि कोणता तुकडा वापरात नाही. डीडॉस (खोट्या ट्रॅफिकचा पूर आणणारा हल्ला) सफाई करणारी कंपनी गरज पडली तर तुमचा /२४ स्वतःच्या एएसमधून जाहीर करणार असेल, तर तिचा एएस इथेच लिहा. नाहीतर हल्ल्याच्या रात्री हायजॅकचाही खोटा इशारा वाजेल आणि नेमका तेव्हाच सगळ्यांचा गोंधळ उडेल. तुमच्याकडून /२४ घेऊन स्वतःच्या एएसमधून जाहीर करणारा ग्राहक असेल तर तोही लिहा. ब्लॅकहोलसाठी (एखाद्या पत्त्याचा ट्रॅफिक मुद्दाम फेकून देण्यासाठी) अपस्ट्रीमला पाठवले जाणारे /३२ कधीकधी पुढे गळतात, त्यांचीही नोंद असू द्या.

वापरात नसलेला तुकडा विशेष बघा. पूर्ण /२२ जाहीर न करता फक्त तीन /२४ जाहीर करणारे बरेच असतात. चौथा /२४ मग रिकाम्या प्लॉटसारखा पडून राहतो, स्पॅमवाले नेमके असेच ब्लॉक शोधतात, आणि तुमची कोणतीही सेवा तिथे नसल्याने तक्रारही येत नाही. येते ती काही महिन्यांनी, तो पत्ता ग्राहकाला दिल्यावर मेल कुठेच जात नाही तेव्हा.

आरओए आणि त्याची मर्यादा

देखरेखीआधी आरओए बनवा, म्हणजे हा प्रीफिक्स कोणत्या एएसने किती लांबीपर्यंत जाहीर करायचा याची सही केलेली नोंद (या नोंदींची व्यवस्था म्हणजे आरपीकेआय). कारण बहुतेक मोठ्या ट्रान्झिट कंपन्या (इतर नेटवर्कांचा ट्रॅफिक वाहून नेणाऱ्या) आता या नोंदीशी न जुळणारे, म्हणजे इनव्हॅलिड, रूट टाकून देतात. म्हणजे बरेचसे चुकून झालेले हायजॅक तुमच्या इशाऱ्याआधीच विरतात. इथे वारंवार दिसणारी चूक म्हणजे /२२ चा आरओए करताना कमाल लांबी २४ टाकणे. ‘पुढे लागलं तर असू दे’ म्हणून हे केले जाते. पण तुम्ही फक्त /२२ जाहीर करत असाल, तर कोणीही तुमचा एएस नंबर शेवटी लावून त्यातला /२४ जाहीर करू शकतो. आरपीकेआयच्या लेखी तो रूट वैध, आणि राउटर नेहमी जास्त लांबीचा रूट निवडतात म्हणून जिथे स्वीकारला जाईल तिथे तो जिंकणारच. आरएफसी ९३१९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये म्हणूनच सल्ला आहे: जे जाहीर करता तेवढ्याचाच आरओए.

यात एक पेच आहे. उद्या खरा हायजॅक झाला आणि प्रतिकार म्हणून तुम्हाला /२४ जाहीर करावे लागले, तर आरओए नसल्याने ते तुमचेच असून इनव्हॅलिड ठरतील. आयत्या वेळी आरओए केला तर तो प्रसिद्ध होऊन इतरांच्या व्हॅलिडेटरपर्यंत (आरओए तपासणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत) पोचायला वेळ लागतो, काहींकडे दहा मिनिटे, काहींकडे तासभर. माझे मत असे: ज्या /२४ मध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा), मेल आणि ग्राहक पोर्टल आहे तो कायम वेगळा जाहीर करा, त्याचा स्वतंत्र आरओए ठेवा. बाकीचा /२२ कडक लांबीचा. जागतिक टेबलमध्ये एक ओळ वाढते म्हणून नाक मुरडणारे भेटतील, त्यांना मुरडू द्या.

आरओए फक्त शेवटचा एएस तपासतो, मधला रस्ता नाही. १७ ऑगस्ट २०२२ ला सेलर ब्रिज या क्रिप्टो सेवेवर झालेला हल्ला याचे चांगले उदाहरण. ॲमेझॉनच्या ४४.२३५.२१६.०/२४ या तुकड्याची घोषणा एएस २०९२४३ मधून आली, पण पाथच्या शेवटी १६५०९ म्हणजे ॲमेझॉनचाच नंबर होता. त्याआधी आल्टडीबी या राउटिंग रजिस्ट्रीत (कोण काय जाहीर करणार याच्या नोंदवहीत) खोट्या नोंदी घालून अपस्ट्रीमच्या फिल्टरमधून सुटण्याची सोयही करून ठेवली होती. ज्यांची देखरेख फक्त ओरिजिनवर, म्हणजे पाथच्या शेवटच्या एएसवर, होती त्यांच्या लेखी सगळे ठीक होते. पकडण्याजोगी गोष्ट एकच: १६५०९ च्या शेजारी २०९२४३ कधीच नसायचा.

बसवणे

छोट्या नेटवर्कसाठी बीजीपीअलर्टर हे सॉफ्टवेअर घ्या. एनटीटी या जपानी दूरसंचार कंपनीमध्ये तयार झालेले, मुक्त स्रोत, एका बायनरीत चालते, डेटाबेस लागत नाही. एक-दोन जीबी मेमरीचे साधे व्हर्च्युअल मशीन पुरते. ते मशीन मात्र तुमच्या पत्त्यांवर आणि तुमच्या डेटा सेंटरमध्ये नको, दुसऱ्याच्या क्लाउडवर ठेवा. इशारे जातात तो मेलबॉक्सही तुमच्याच सर्व्हरवर नको. हे सांगायची गरज पडू नये, पण पळवलेल्या /२४ मधल्या मेल सर्व्हरवर हायजॅकचा मेल पाठवणाऱ्या रचना सर्रास दिसतात. टेलिग्राम किंवा स्लॅक आणि शिवाय फोन वाजवणारी एखादी सेवा, असे दोन वेगळे मार्ग ठेवा.

पहिल्यांदा चालवल्यावर ते तुमचा एएस नंबर विचारते आणि प्रीफिक्सची फाइल आपोआप तयार करते. ही फाइल डोळे झाकून घेऊ नका. त्या क्षणी जगात जे दिसते तेच ते खरे मानते. तेव्हा एखादा चुकीचा रूट चालू असेल तर तोही ‘अपेक्षित’ म्हणून नोंदला जाईल. मघाचा तक्ता शेजारी घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहा. ‘इग्नोअर मोअर स्पेसिफिक्स’ हा पर्याय बंद असलाच पाहिजे, कारण धोका तिथूनच येतो. जाहीर न केलेले तुकडेही हाताने घाला.

मग कोणते मॉनिटर? हायजॅक म्हणजे अनोळखी ओरिजिन. नवा प्रीफिक्स म्हणजे तुमच्याच एएसमधून अनपेक्षित बारीक तुकडा. बहुतेक वेळा तो तुमच्याच कोणीतरी राउटरवर केलेला घोळ निघतो, पण खोटे ओरिजिन लावलेला हल्लाही इथेच दिसतो. दृश्यता म्हणजे बरेच पीअर (इथे कलेक्टरला अपडेट देणारी नेटवर्क) एकदम तुमचा रूट गमावतात ते. शेजारी तपासणारा मॉनिटर जरूर चालू करा: तुमच्या एएसच्या लगत डावीकडे कोण कोण असू शकते याची यादी त्यात द्यावी लागते. दोन अपस्ट्रीम लगेच लिहिता येतात. एक्स्चेंजच्या रूट सर्व्हरवरून (सदस्यांचे रूट एकमेकांना वाटणाऱ्या सर्व्हरवरून) मात्र कित्येक नेटवर्क तुमचे थेट शेजारी बनतात, त्यामुळे पहिला आठवडा खोटे इशारे येतील. यादी भरत जा, मॉनिटर बंद करू नका. एखादा एक्स्चेंजवरचा पीअर तुमचा रूट त्याच्या ट्रान्झिटला देताना दिसला, तर तो हायजॅक नाही, लीक आहे. फोन करायचाच, फक्त भाषा सौम्य ठेवायची.

आणि आरओए मॉनिटर. ३ जानेवारी २०२४ ला ऑरेंज स्पेनचे राइप खाते कोणीतरी उघडले आणि त्यात चुकीच्या ओरिजिनचे आरओए तयार केले. कोणी काही पळवले नाही. कंपनीचे स्वतःचेच रूट इनव्हॅलिड झाले आणि आरपीकेआय पाळणाऱ्या नेटवर्कांनी ते टाकून दिले. पासवर्ड अगदीच सोपा होता, दुसरी पडताळणी नव्हती. तुमच्या आयआरआयएनएन खात्याचा पासवर्ड किती जणांकडे आहे आणि त्यातले किती जण नोकरी सोडून गेलेत, हे आजच बघून घ्या.

किती पीअरांनी पाहिल्यावर फोन वाजवायचा

इथे सगळ्यांना एकच आकडा हवा असतो आणि तो देता येत नाही. उंबरठा कमी ठेवला तर कोणाच्या तरी बीजीपी ऑप्टिमायझरने (ट्रॅफिक वळवणाऱ्या सॉफ्टवेअरने) आतल्या आत बनवलेले बनावट रूट एखाद्या पीअरमार्फत कलेक्टरवर येतात आणि तुमची झोपमोड होते. जास्त ठेवला तर मर्यादित पसरलेला पण खरा हल्ला सुटतो. २४ एप्रिल २०१८ ला ॲमेझॉनच्या राउट ५३ या डीएनएस सेवेचे काही /२४ एएस १०२९७ मधून सुमारे दोन तास जाहीर झाले. सगळ्या जगाने ते स्वीकारले नव्हते. पण जिथे स्वीकारले गेले तिथल्या काही लोकांना मायइथरवॉलेट या क्रिप्टो पाकिटाचा खोटा पत्ता मिळाला, आणि ब्राउझरने प्रमाणपत्राची सूचना देऊनही ज्यांनी पुढे क्लिक केले त्यांचे इथर गेले. काम साधायला तेवढा प्रसार पुरला.

म्हणून पीअरांच्या संख्येपेक्षा प्रकारावरून ठरवा. अनोळखी ओरिजिनचा अधिक बारीक प्रीफिक्स दोन-तीन वेगवेगळ्या पीअरांकडे दिसला की फोन, रात्री तीन वाजताही. कारण जिथे तो पोचला तिथला सगळा ट्रॅफिक गेलाच, पाथ कितीही लांब असो. त्याच लांबीचा प्रीफिक्स आणि परका ओरिजिन, तर जग विभागले जाते. पाच-दहा पीअरांपर्यंत चॅटवर संदेश, त्यापुढे फोन. एकच पीअर वारंवार विचित्र रूट दाखवत असेल तर तो पीअर मोजणीतून वगळा, उंबरठा वाढवू नका.

प्रीपेंडबद्दल एक गोष्ट ओघाने. महागड्या लिंकवरचा ट्रॅफिक कमी करायला पाथमध्ये स्वतःचा एएस पाच-सहा वेळा चिकटवण्याची, म्हणजे प्रीपेंडची, सवय असते. प्रत्येक जादा नंबर हल्लेखोराच्या पथ्यावर पडतो: त्याच लांबीचा प्रीफिक्स जाहीर केला की त्याचा पाथ आपोआप आखूड ठरतो. सगळ्या अपस्ट्रीमकडे सारखाच प्रीपेंड असेल तर त्याचा उपयोग शून्य आणि तोटा पूर्ण. काढून टाका.

शांतता खरी आहे का

वेबसॉकेट तुटले आणि पुन्हा जोडलेच गेले नाही, तर इशारे येत नाहीत. इशारे न येणे आणि सगळे ठीक असणे यांत बाहेरून फरक दिसत नाही. यावर नामी उपाय म्हणजे राइपचे बीकन प्रीफिक्स, ठरल्या वेळी जाहीर होणारे चाचणीचे प्रीफिक्स. उदाहरणार्थ ८४.२०५.६४.०/२४ हा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून दर चार तासांनी जाहीर होतो आणि त्यानंतर दोन तासांनी मागे घेतला जातो. आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला वर, साडेसातला खाली. एक छोटी स्क्रिप्ट आरआयएस लाइव्हवर हा प्रीफिक्स ऐकत राहू दे. अडीच तासांत एकही घटना आली नाही तर तुमची साखळी कुठेतरी तुटली आहे.

पूर्ण साखळीची चाचणीही करा. /२२ मधला एक रिकामा /२४ तात्पुरता आरओए करून स्वतः जाहीर करा आणि घड्याळ लावा: राउटरवर कमांड दिल्यापासून फोन वाजेपर्यंत किती वेळ? दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त लागला तर बहुधा इशारे पाठवणाऱ्या सेवेत रांग लागते आहे. चाचणी संपल्यावर तो आरओएही काढायला विसरू नका. एक खबरदारी: फाइलमध्ये अपेक्षित एएस मुद्दाम चुकीचा लिहून चाचणी करायला गेलात, तर काहीच होणार नाही असे वाटेल. प्रवाहात फक्त बदल येतात. तुमचा रूट स्थिर असेल तर अपडेटच नाही, मग इशारा कसला?

वाजला. आता?

पहिली पाच मिनिटे खात्रीची. राइपच्या राइपस्टॅट या संकेतस्थळावरच्या बीजीपीप्लेमध्ये प्रीफिक्स टाका, बदल कधी आणि कोणाकडून सुरू झाला ते चित्रात दिसते. हरिकेन इलेक्ट्रिक आणि आणखी एक-दोन मोठ्या नेटवर्कांच्या लुकिंग ग्लासवर (त्यांच्या राउटरवरचे रूट दाखवणाऱ्या सार्वजनिक पानावर) प्रत्यक्ष पाथ बघा, आणि तुमच्या एक्स्चेंजचा लुकिंग ग्लासही. फक्त भारतातल्या भारतात पसरलेला रूट परदेशी कलेक्टरवर कधीकधी उशिरा किंवा अजिबात दिसत नाही. पाथ एकाखाली एक लिहा. हल्लेखोराच्या लगतचा, सगळ्या पाथमध्ये सामाईक असलेला ट्रान्झिट कोण ते शोधा. चोरापेक्षा तो महत्त्वाचा, कारण त्याने एक फिल्टर लावला की विषय संपतो.

२४ फेब्रुवारी २००८ चे यूट्यूब प्रकरण याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. यूट्यूबचा २०८.६५.१५२.०/२२ जाहीर होता. पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी त्यातला २०८.६५.१५३.०/२४ १८:४७ यूटीसीला जाहीर केला आणि त्यांच्या पीसीसीडब्ल्यू या अपस्ट्रीमने तो जगाला दिला. यूट्यूबने तोच /२४ जाहीर केला २०:०७ ला, म्हणजे ऐंशी मिनिटांनी. त्याने जग विभागले, पूर्ण परत आले नाही. २०:१८ ला त्यांनी दोन /२५ जाहीर केले. पण /२४ पेक्षा बारीक रूट बरीच नेटवर्क घेत नाहीत. खरा शेवट २१:०१ ला झाला, पीसीसीडब्ल्यूने ते रूट काढले तेव्हा.

तुमच्या बाबतीतही क्रम तोच. हल्ला /२२ किंवा /२३ वर असेल तर लगेच /२४ जाहीर करा, पण आरओए आधी करा आणि अपस्ट्रीमचे फिल्टर ते स्वीकारतील याची चौकशी आजच करून ठेवा. कित्येक अपस्ट्रीम फक्त नोंदवलेली लांबीच घेतात आणि ती बदलायला तिकीट मागतात. हल्ला /२४ वरच असेल तर तोच जाहीर ठेवून प्रीपेंड काढा आणि वेळ फोनवर घालवा. महत्त्वाच्या सेवा दुसऱ्या ब्लॉकमधल्या पत्त्यावर हलवता आल्या तर डीएनएस बदला. त्यासाठी टीटीएल (डीएनएसचे जुने उत्तर किती वेळ धरून ठेवायचे ती मुदत) आधीपासून पाच मिनिटांवर असला पाहिजे.

फोन आणि मेल कोणाला: आधी त्या सामाईक ट्रान्झिटचे नॉक, मग हल्लेखोर दिसणारा एएस (दहातल्या बऱ्याच वेळा ती चूक असते, म्हणून आरोपाची भाषा नको), मग तुमचे अपस्ट्रीम. संपर्क पीअरिंगडीबी या नेटवर्कांच्या सार्वजनिक यादीत मिळतात. तुमचे अपस्ट्रीम आणि त्यांचे अपस्ट्रीम यांचे नंबर छापून भिंतीवर लावा; लिंक बंद असताना पीअरिंगडीबी उघडत नाही. मेल चार ओळींचा: प्रीफिक्स, यूटीसी वेळ, चुकीचा ओरिजिन, तीन पूर्ण पाथ, आरओएची स्थिती, आणि ‘कृपया हा रूट फिल्टर करा’. कंपनीचा इतिहास नको.

त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदी बघायला बसवा. डोमेनची पडताळणी करणारी संस्था तुमच्या सर्व्हरकडे जाताना हायजॅक झालेल्या रस्त्याने गेली तर ती हल्लेखोराला खरे प्रमाणपत्र देते. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्लेस्वॅप या क्रिप्टो सेवेवरच्या हल्ल्यात नेमके हेच झाले. मग ब्राउझर कसलीच सूचना देत नाही. नवे अनोळखी प्रमाणपत्र दिसले तर ते रद्द करायला लावा. हेतुपुरस्सर हल्ला वाटत असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची मुदत सहा तासांची आहे, ती घटना लक्षात आल्यापासून मोजली जाते.

राहिली उलटी बाजू: तुमच्याकडून इतरांचे पत्ते पळवले जाणे. १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० मधून इतरांचे तीस हजारांहून जास्त प्रीफिक्स जाहीर झाले होते. त्याआधी ६ नोव्हेंबर २०१५ ला एअरटेलच्या एएस ९४९८ मधून सोळा हजारांवर. इतक्या मोठ्यांकडे होते तिथे दोन राउटरच्या आयएसपीकडे सहज होईल. अपस्ट्रीमकडे जाणाऱ्या सेशनवर (बीजीपी जोडणीवर) ‘फक्त ही यादी’ असा प्रीफिक्स फिल्टर लावा, आणि तुमच्या सेशनवर कमाल प्रीफिक्सची मर्यादा घालायला अपस्ट्रीमला सांगा. चार-पाच प्रीफिक्स जाहीर करणाऱ्याला वीसची मर्यादा भरपूर झाली. बीजीपीअलर्टरमध्ये प्रीफिक्सबरोबर तुमचा एएस नंबरही पहाऱ्यात घातला की यादीबाहेरचा एखादा प्रीफिक्स तुमच्या नावाने निघाल्याचा इशाराही त्याच फोनवर येतो.